निळ्या काठाचं भांडं

कार्डिनलला "बाळ्या" म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, ते म्हणजे माझी आजी. ती त्यांची सात वर्षांनी मोठी बहीण. बाकीचे लोक त्यांच्या अंगठीपुढे वाकतात. आजी म्हणते, "बाळ्या, पाय पूस आधी, फरशी ओली आहे." आणि माझे ऐंशी वर्षांचे मामाआजोबा मुकाट्याने पायपुसण्यावर बूट घासतात, डावा, उजवा, पुन्हा डावा.

त्या शनिवारी ते आले होते माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी. रविवारी सकाळी दहाला चर्चमध्ये विधी होता. नवरा फिरतीवर असल्यामुळे थेट सकाळीच पोचणार होता, म्हणून घरात आम्ही पाचच जण: आजी, मामाआजोबा, त्यांचे सेक्रेटरी फादर, मी आणि आमचा चार महिन्यांचा गोळू. जेवायच्या टेबलाला पाचवी खुर्ची नव्हती, पण गोळूला ती लागतही नव्हती.

मामाआजोबा खुशीत होते. गेल्याच महिन्यात त्यांना ऐंशी पूर्ण झाली होती, आणि ऐंशी झालेल्या कार्डिनलला नवा पोप निवडताना मत देता येत नाही. लोक त्यांच्याकडे हळहळत चौकशी करत. ते म्हणत, "अहो, सुटलो. एकदा दिलंय मत. चार दिवस कुलूपबंद, आणि शेजारच्या खोलीत घोरणारा माणूस."

त्यांचं आयुष्य आमच्या घरात चार वाक्यांत सांगतात. आई इस्त्रीवाली, वडील घड्याळं दुरुस्त करणारे. चौदाव्या वर्षी पत्र्याची ट्रंक घेऊन सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या शाळेत गेले, पंचविसाव्या वर्षी फादर झाले. मग चर्चचा कायदा शिकले, शिकवला, आणि चर्चच्या न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसले. बावन्नाव्या वर्षी बिशप, त्रेसष्टाव्या वर्षी कार्डिनलची लाल टोपी. या चार वाक्यांत घर कुठेच येत नाही, कारण घरी ते वर्षातून एकदा यायचे, दुपारच्या जेवणापुरते, आणि खुर्चीच्या पाठीला पाठ न टेकता बसायचे.

त्या दिवशीही तसेच बसले होते. सूप वाढताना सेक्रेटरी फादरांनी आजीला हळूच विचारलं, "लहानपणीसुद्धा हे असेच ताठ बसायचे का हो?"

"बसणारच," आजी म्हणाली. "खळीने बाप्तिस्मा झालाय त्याचा."

फादर हसले. आजीला ऐकणारा मिळाला की ती थांबत नाही. "अहो, खरंच. हा जन्मला तो आईच्या इस्त्रीच्या खोलीत. निळा पडला होता, रडेना. सुईण म्हणाली, हे पोर काही राहत नाही, फादरांना बोलवायलाही वेळ नाही. मला म्हणाली, ते भांडं आण. इस्त्रीच्या टेबलावर होतं ते मी उचललं, तिने याच्या डोक्यावर ओतलं, बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. आणि हा जो भोकाड पसरून रडला. आमचे बाबा म्हणायचे, त्या भांड्यात खळ होती. म्हणून तर याची मान वाकत नाही."

मी हसले. मीही हा विनोद लहानपणापासून ऐकत आले होते. मामाआजोबाही हसले. ते पहिल्यांदाच ऐकत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. घरचे विनोद घरात असणाऱ्यालाच कळतात, आणि लाल टोपी आल्यावर त्यांच्यासमोर कोण काढणार असलं काही.

मग त्यांचा चमचा हवेतच थांबला.

"ताई, खळ म्हणजे? कपड्यांची? स्टार्च?"

"मग काय, दुधाची साय?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. रुमालाची चौकोनी घडी केली, ती ताटलीशेजारी सरळ केली आणि म्हणाले, "मी जरा उठतो." सेक्रेटरी फादर खाता खाता थांबले होते. त्यांच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, सुपात काही निघालं की काय.

मी भांडी घासायला ओट्याशी गेले तेव्हा मामाआजोबा माझ्यामागे आले आणि फडकं घेऊन ताटल्या पुसायला लागले. एकच ताटली बराच वेळ पुसत होते.

"पोरी, बाप्तिस्मा पाण्यानेच व्हावा लागतो," ते म्हणाले. "समुद्राचं पाणी चालतं. डबक्यातलं चालतं. बर्फ वितळवून घेतला तरी चालतो. दूध चालत नाही, तेल चालत नाही, घट्ट सूप चालत नाही. वर्गात मी पोरांना हे बोटांवर मोजायला लावायचो. एक जण विचारायचाच, सर, पातळ सूप? आणि मी सांगायचो, शंका. शंका असली तर चौकशी करा."

"आणि खळ?"

"पातळ असेल तर शंका. इस्त्रीवालीची असेल तर शंकासुद्धा नाही."

"पण नंतर चर्चमध्ये झालाच असेल ना?"

"चर्चमध्ये बाकीचे विधी झाले. तेल, मेणबत्ती, प्रार्थना. नोंदवहीत मी स्वतः वाचलंय: सुईणीने घरी दिला. पाणी दुसऱ्यांदा ओतत नाहीत." त्यांनी ताटली ठेवली आणि पुन्हा तीच उचलली. "बाप्तिस्मा नाही, तर मी ख्रिस्ती नाही. ख्रिस्ती नाही, तर फादर नाही. फादर नाही, तर बिशप नाही. आणि मी बिशप नसेन, तर ज्यांच्या डोक्यावर हात ठेवून मी त्यांना फादर केलं, ते दोनशे अकरा जण..."

"दोनशे अकरावा मी," दारातून सेक्रेटरी फादर म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी म्हणाले, "मग आता घ्या ना करून. नळाला पाणी आहे."

मामाआजोबा थोडंसं हसले. "माझं पाच मिनिटांत होईल. त्या दोनशे अकरा जणांसमोर ज्यांनी मरताना मन मोकळं करून पापांची माफी घेतली, त्यांचं काय करू?"

आत गोळू कुरकुरायला लागला. मी त्याला घेऊन आले, खांद्यावर टाकला, आणि मामाआजोबा त्याच्या पाठीकडे बघत बोलत राहिले, जणू माझ्यापेक्षा त्याला सांगणं सोपं होतं.

तीस वर्षांपूर्वी, न्यायाधीश असताना, त्यांच्याकडे एका फादरांचं प्रकरण आलं होतं. त्रेपन्न वर्षांचे, एका आडगावच्या चर्चमधले. जन्मताना आजारी म्हणून मावशीने घरीच बाप्तिस्मा दिला होता, तोही गुलाबपाण्याने, चांगलं काहीतरी वापरावं म्हणून. मावशीनेच म्हातारपणी कौतुकाने कोणाला तरी सांगितलं. मामाआजोबांनी निकाल दिला: पुन्हा बाप्तिस्मा, पुन्हा दीक्षा. सगळा मिळून चार ओळींचा. निकाल बरोबर होता, ते म्हणाले, आजही तोच देईन. पण त्या फादरांनी नंतर एक पत्र पाठवलं होतं. त्यात एकच प्रश्न होता, मग एकोणतीस वर्षं मी काय करत होतो?

"मी उत्तर दिलं नाही," मामाआजोबा म्हणाले. "कायद्यात त्याला उत्तर नव्हतं, म्हणून मला वाटलं, द्यायला नकोच."

टेबल आवरलं आणि त्यांनी चौकशी लावली. खरोखरीची. सेक्रेटरी फादर कागद पेन घेऊन बसले, आजी समोर. मी गोळूला मांडीवर घेऊन कडेला.

"साक्षीदाराचं वय?"

"तुला माहीत नाही?"

"नोंदीसाठी, ताई."

"सत्त्याऐंशी. आणि दात माझे आहेत, तेही लिहा."

फादरांनी ते खरंच लिहिलं की काय, कळलं नाही.

"भांडं कोणी आणलं?"

"मी. किती वेळा सांगू? मी सात वर्षांची होते, दोन्ही हातांनी धरून आणलं. सुईण ओतेपर्यंत धरून उभी होते."

"कसलं होतं?"

"एनॅमलचं. पांढरं, निळ्या काठाचं. एका बाजूला टवका उडालेला."

"त्यात काय होतं?"

आजीने तोंड उघडलं, आणि मिटलं. तिची बोटं टेबलक्लॉथची कड चाचपू लागली.

"मी भांड्यात बघितलं नाही रे," ती म्हणाली. "मी आईकडे बघत होते. ती पडून होती आणि काही बोलत नव्हती."

मग मामाआजोबांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मग खळ कुठून आली?"

"बाबांनी काढली. तू बिशप झालास तेव्हा. पहिल्यांदा तो उंच कॉलर घालून आलास ना, तेव्हा. पण बाबा त्या वेळी दुकानात होते. त्यांना काय माहीत."

"म्हणजे कोणालाच माहीत नाही."

"नाही."

"लिहा," ते फादरांना म्हणाले. "माहीत नाही."

मग त्यांनी सांगितलं, उद्याचा बाप्तिस्मा इथले धर्मगुरू देतील. सोमवारी मामाआजोबा स्वतः वरिष्ठांना कळवतील. आज संध्याकाळची मिस्सा, फादरांची रोजची वेदीवरची प्रार्थना, ते म्हणणार नाहीत. पंचावन्न वर्षांत आजारपण सोडलं तर एकही दिवस चुकला नव्हता. सांगताना आवाज सरळ होता, इतका सरळ की आजीने मान खाली घातली. ते खोलीत जाऊन बसले. दार लावलं नाही. मी जाता येता बघत होते, ते पलंगाच्या कडेवर बसले होते, अंगठी काढून हातात घेतली होती आणि ती बोटात घालावी की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

आजी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. "जीभ झडो माझी. ऐंशी वर्षांच्या माणसाला सांगायचा विनोद आहे का हा?"

"तुला काय माहीत होतं आजी, एवढं होईल म्हणून."

"मला विनोद सांगायचा सोस. बाबांचा गुण." तिने डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक ओढलं. "तो लहानपणी चुकून काही फुटलं की असाच बसायचा. स्वतःहून शिक्षा घेऊन."

चार वाजता गोळू झोपला. त्याची झोप म्हणजे पाऊण तास, फार तर तास. त्यात झबलं तयार करायचं होतं. आमच्या घरात बाप्तिस्म्याचं एकच झबलं आहे, मामाआजोबांपासून पुढच्या सगळ्यांनी तेच घातलंय. ते एका चर्चच्या वेदीवरच्या कापडातून शिवलेलं आहे. मामाआजोबा जन्मले त्या दिवशी माझी पणजी, म्हणजे आजीची आई, ते कापड इस्त्री करत होती आणि कळ आली, हातातली इस्त्री तशीच राहिली, कापड करपलं. चर्चच्या फादरांनी ते परत घेतलं नाही, म्हणाले, पोर जगलं ना, त्यालाच शिवा. झबल्याच्या खालच्या दुमडीत आतल्या अंगाला इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग अजून आहे. आम्ही सगळ्या पोरी लहानपणी तो डाग एकमेकींना दाखवायचो.

मी टेबलावर चादर अंथरली, इस्त्री तापायला ठेवली, शेजारी वाडग्यात पाणी. बोटं बुडवून शिंपडलं, इस्त्री फिरवली. पण इतकी वर्षं पेटीत राहून कापड लुळं पडलं होतं. मला वाटलं, फोटोत बरं दिसेल, म्हणून वाटीत स्टार्चची पूड कालवायला घेतली.

"हे काय चाललंय?" आजी दारात.

"थोडी खळ देते. लुळं दिसतंय."

"आत्ता? इस्त्री तापलेली असताना? ठेव ती वाटी." ती आत आलीच. मघापासून हरवलेला तिचा आवाज जागेवर आला होता. "ओली खळ आणि गरम इस्त्री, कधी कोणी एकत्र आणली होती का? चिकटेल, पिवळी पापडी धरेल, आणि मग घासत बस. खळ धुण्याच्या दिवशी द्यायची. दोरीवर कडक वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी इस्त्री, आणि तेव्हा फक्त पाणी. आईच्या खोलीत इस्त्रीच्या दिवशी खळीचं पातेलं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. एकदा मी आणलं होतं तर पाठीत धपाटा..."

ती थांबली. झबल्याची खालची दुमड तिच्या हातात होती. तिने ती उलटली. डागावर अंगठा ठेवला.

"इस्त्री तापलेली होती," ती म्हणाली.

मी वाटी खाली ठेवली.

"अगं, इस्त्री तापलेली होती. कापड जळलं, म्हणजे इस्त्रीचा दिवस होता." तिने माझा दंड धरला, चांगला घट्ट. मग गोळू झोपलाय वगैरे सगळं विसरून हाक मारली, "बाळ्या, इकडे ये. आणि येताना लिहिणाऱ्याला घेऊन ये."

दोघेही आले. आजीने त्यांना टेबलापाशी उभं केलं, जसं गिऱ्हाइकाला उभं करतात, आणि झबलं, डाग, इस्त्री, वाडगं, एकेकावर बोट ठेवत सांगितलं. मामाआजोबा ऐकत होते, पण त्यांच्यातला न्यायाधीश लगेच थोडाच हलणार.

"आदल्या दिवशीची खळ उरून टेबलावर राहिली असेल."

"खळ रात्रीतून आंबते. वास मारते. आई उरलेली त्याच दिवशी फेकायची."

"त्या निळ्या काठाच्या भांड्यात खळ कधी ठेवायची?"

"कधीच नाही. खळीला तांब्याचं मोठं पातेलं होतं. हे शिंपडायचं भांडं, हात जाईल एवढंच. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात. मी उजव्या कोपऱ्यातूनच उचललं."

"पाण्यात ती काही घालायची? नीळ? वासाचं काही?"

"नीळ धुण्यात घालतात, बाळ्या. इस्त्रीच्या पाण्यात काही पडलं तर कापडावर डाग उठतो. ते पाणी आई दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायची. तेवढं स्वच्छ पाणी आपल्याला प्यायलाही मिळत नव्हतं."

मामाआजोबांनी झबलं हातात घेतलं. दुमड उलटून डाग डोळ्यांजवळ नेला. मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. खालच्या पापणीची कड ओली झाली होती.

"नियम काय आहे?" त्यांनी सेक्रेटरी फादरांना विचारलं. स्वतःला पाठ असलेलं दुसऱ्याकडून ऐकायचं होतं त्यांना.

"बाप्तिस्मा सिद्ध करायला एक साक्षीदार पुरे," फादर म्हणाले. "मात्र तो संशयातीत हवा."

"मी?" आजी म्हणाली. "बाळ्या, साखरेचा डबा मी रिकामा केला होता आणि मार तू खाल्लास. तेव्हा मी बोलले नाही."

"ते या प्रकरणात येत नाही," मामाआजोबा म्हणाले. "पण लिहून ठेवा फादर, पंच्याहत्तर वर्षांनी कबुली दिली."

आणि मग ते बसले. टेबलाशेजारच्या खुर्चीवर, झबलं हातात घेऊन, तसेच. पाठ मागे खुर्चीला टेकली, खांदे खाली आले, आणि पोटातून हसू यायला लागलं, आवाज न करता, नुसतं अंग हलत होतं. आजी त्यांच्या शेजारी बसली. सेक्रेटरी फादरांनी लिहिता लिहिता दोनदा चष्मा पुसला. गोळू अर्थातच उठला होता. मी त्याला आणलं तर मामाआजोबांनी हात पुढे केले, आणि तो त्यांच्या छातीवरच्या क्रुसाची साखळी तोंडात घालून चोखत बसला. कोणीही ती सोडवून घेतली नाही.

साक्ष लिहून झाली. आजीने चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचली. "दात राहिले," ती म्हणाली, आणि सही केली.

संध्याकाळी आमच्याच जेवायच्या टेबलावर मामाआजोबांनी मिस्सा म्हटली. नंतर कागद मागून घेतले आणि लिहायला बसले. मला वाटलं, अहवाल असेल. पाणी ठेवायला गेले तेव्हा ओझरतं दिसलं, पत्र होतं, त्या गुलाबपाण्याच्या फादरांना. ते आता त्र्याऐंशीचे आहेत आणि निवृत्त धर्मगुरूंच्या आश्रमात राहतात. चौथं पान चालू होतं.

"उत्तर सापडलं?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "आज दोन तास मी तोच प्रश्न स्वतःला विचारत होतो, एवढं कळवतोय. आणि माफी मागतोय. तीस वर्षं उशिरा."

सकाळी नवरा स्टेशनवरून थेट चर्चमध्ये पोचला, दाढी न करता. गोळूने लुळं झबलं घातलं होतं. इस्त्री कडक होती पण खळ नव्हती. पाण्याचा जग धरायला चर्चमधली एक बाई पुढे आली, तर मामाआजोबांनी तिला थांबवलं आणि आजीकडे बघितलं. आजीने काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी जग धरला. ओतण्याआधी मामाआजोबांनी त्यात बोट बुडवलं, बोटाला बोट चोळून बघितलं, आणि सेक्रेटरी फादरांकडे पाहून गंभीरपणे मान हलवली. फादरांना हसू लपवायला खोकावं लागलं.

गोळू पहिल्या धारेला दचकला, दुसरीला चिडला, तिसरीला भोकाड पसरून रडला. "आवाज तस्साच," आजी म्हणाली.

विधी झाल्यावर नोंदवही उघडली. नाव, तारीख, आईवडील, साक्षीदार. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात कोणी काही लिहीत नाही, वरच्या सगळ्या ओळींत तो कोराच होता. मामाआजोबांनी पेन घेतलं आणि त्यांच्या त्या बारीक, सरळ, कोर्टातल्या अक्षरात लिहिलं:

पाणी नळाचं, साधं. मी स्वतः पाहिलं. भांडं धरणारी: मुलाची पणजी. तिनेही पाहिलं.